दहा-बारा प्रतींच्या मासिकाला चळवळीची सुरुवात म्हणावे का? (लिसा बेन आणि ‘व्हाइस व्हर्सा’)

शेवंती

अमेरिकेतील समलिंगी स्त्रियांच्या चळवळीविषयी माझ्या वाचनात जे लेख आले, त्यांतील बहुतेकांची सुरुवात १९५५ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोपासून होते. त्या वर्षी डेल मार्टिन, फिलिस लायन आणि त्यांच्या सोबतच्या सहाजणींनी ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ ही संघटना स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ‘द लॅडर’ हे मासिक सुरू केले. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु त्याच्या आठ वर्षे आधी लॉस एंजेलिसमध्ये एका पंचविशीतल्या टंकलेखिकेने जे केले, त्याला या लेखांत एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही, आणि हे मला मनापासून खटकते.

इडिथ आइडी, म्हणजेच पुढच्या ‘लिसा बेन’, यांचा जन्म १९२१ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वाढल्या त्या जवळच्या खेड्यात, जर्दाळूच्या बागेत. कॉलेजची दोन वर्षे झाल्यावर आईच्या आग्रहाखातर त्यांनी सेक्रेटरीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि १९४५ मध्ये त्या लॉस एंजेलिसला आल्या. तिथे इमारतीतल्या मुली गॅरेजच्या छतावर उन्हात पडून गप्पा मारत असत, आणि इडिथ यांच्या लक्षात आले की या मुली आपल्या मित्रांविषयी कधी चकार शब्द काढत नाहीत. त्यांच्यापैकीच एकीने पुढे थेट विचारले आणि आपल्यासारख्या इतर स्त्रिया आहेत, हे इडिथ यांना तेव्हा प्रथमच प्रत्यक्ष कळले. त्याच मैत्रिणी त्यांना ‘इफ क्लब’ या बारमध्ये घेऊन गेल्या. आत शिरताना एका टेबलाकडे मेणबत्त्या लावलेला वाढदिवसाचा केक नेला जात होता आणि मुली मुलींबरोबर नाचत होत्या. ही आठवण त्या उतारवयातही आनंदाने सांगत.

त्या वेळी त्या आरकेओ या चित्रपट कंपनीत सेक्रेटरी होत्या. काम फारसे नसे, पण साहेबांची अट अशी की विणकाम करायचे नाही, पुस्तक वाचत बसायचे नाही, कामात असल्यासारखे दिसायचे. मग जून १९४७ पासून त्यांनी कार्यालयाच्याच टाइपरायटरवर एक मासिक टाइप करायला घेतले. ‘व्हाइस व्हर्सा’ हे त्याचे नाव. कार्बन लावून एका वेळी निघतील तेवढ्या प्रती काढायच्या, मग तोच सगळा मजकूर पुन्हा टाइप करायचा. अशा दहा-बारा प्रती होत. त्यांत पुस्तकांची, नाटकांची आणि चित्रपटांची परीक्षणे असत, कविता, संपादकीय आणि वाचकांची पत्रेही असत. संपादिकेचे वा लेखिकांचे नाव मात्र कुठेही नसे. फेब्रुवारी १९४८ पर्यंत नऊ अंक निघाले. त्यानंतर कंपनीची मालकी बदलली, ती नोकरी सुटली आणि मासिक थांबले. ‘लिसा बेन’ हे टोपणनाव त्यांनी पुढे ‘द लॅडर’साठी लिहिताना घेतले.

अमेरिकेतील समलिंगी स्त्रियांचे हे पहिले ज्ञात नियतकालिक मानले जाते. माझा प्रश्न असा की, एका बाईने, कोणतीही संघटना नसताना, दहा-बारा प्रतींत काढलेल्या मासिकाला आपण चळवळीची सुरुवात म्हणावे का? माझे उत्तर ‘होय’ आहे. प्रत्येक प्रत वाचून झाल्यावर पुढे दुसरीकडे द्यावी, असे त्या वाचकांना सांगत. वाचक एकमेकींना शोधू लागल्या की ते संघटनच असते, असे मी मानते. तुमचे मत वाचायला आवडेल.

टंकयंत्र

चळवळीविषयी अधिकाराने बोलावे इतका माझा अभ्यास नाही. मात्र सरकारी कार्यालयात माझी हयात टाइपरायटरवर गेली आहे, म्हणून या कामाच्या श्रमांविषयी लिहितो.

वर जाड कागद, त्याखाली कार्बन, मग पातळ कागद, पुन्हा कार्बन, असा पाच-सहा कागदांचा थर रोलरमध्ये सरळ बसवणे हेच मुळात कौशल्याचे काम आहे. थर किंचित तिरका गेला तरी खालच्या प्रतींच्या ओळी घसरतात. शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटावे म्हणून प्रत्येक कळ जोराने मारावी लागते, आणि तरीही ती प्रत पुसटच येते. खरी परीक्षा चुकीच्या वेळी होते. एक अक्षर चुकले की रोलर वर सरकवायचा, प्रत्येक कार्बनच्या मागे कागदाची चिठ्ठी सारायची, मग वरच्या प्रतीपासून खालच्या प्रतीपर्यंत एकेक करून तेच अक्षर खोडायचे, चिठ्ठ्या आठवणीने काढायच्या आणि नेमक्या त्याच जागी पुन्हा अक्षर मारायचे. एखादी चिठ्ठी आत राहिली तर त्या प्रतीवर कोरी जागा राहते. इतके करून संपूर्ण अंक दुसऱ्यांदा टाइप करायचा, तोही साहेब कधी येऊन मागे उभे राहतील याची धास्ती बाळगत.

शेवंतीताई, हे काम नऊ महिने दरमहा करणारी व्यक्ती गंमत म्हणून ते करत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

दप्तरदार

श्रमांविषयी दुमत नाही, पण मूळ प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

चळवळ म्हटली की तिला पत्ता लागतो, सभासद लागतात, वर्गणी लागते आणि एक व्यक्ती बाजूला झाली तरी काम पुढे चालू ठेवणारी दुसरी व्यक्ती लागते. ‘व्हाइस व्हर्सा’ नोकरी सुटताच थांबले. याउलट ‘द लॅडर’ पाहा. ऑक्टोबर १९५६ च्या पहिल्या अंकाच्या १७५ प्रती सायक्लोस्टाइल करून काढल्या गेल्या. ओळखीच्या स्त्रियांबरोबरच टेलिफोन डिरेक्टरीतून शोधलेल्या व्यावसायिक स्त्रियांनाही त्या पाठवण्यात आल्या. फिलिस लायन सुरुवातीला ‘ॲन फर्ग्युसन’ या टोपणनावाने संपादन करत होत्या. पण वाचकांना भिऊ नका असे सांगायचे आणि आपण मात्र आडून लिहायचे, हे त्यांना पटेना. म्हणून काही महिन्यांतच ॲन फर्ग्युसनचे निधन झाल्याचे जाहीर करून त्या स्वतःच्या नावाने लिहू लागल्या. वर्गणीदारांची नावे सुरक्षित राहतील, हे दुसऱ्याच अंकात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार देऊन समजावून सांगितलेले आहे. १९६० मध्ये याच संघटनेने सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी स्त्रियांचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरवले. १९६३ पासून बार्बरा गिटिंग्ज संपादक झाल्या आणि त्यांनी मुखपृष्ठावर खऱ्याखुऱ्या स्त्रियांची छायाचित्रे छापायला सुरुवात केली. ‘द लॅडर’ एकूण सोळा वर्षे चालले.

याला मी चळवळ म्हणतो. लिसा बेन यांचे काम धाडसी आणि हृद्य होते. पण ते एकटीचे होते.

ओवी

एक बाळबोध शंका विचारते. दहा-बारा प्रती होत्या तर त्या सरळ टपालाने का पाठवल्या नाहीत? हातोहात देण्याचे काही खास कारण होते का?

तळटीप

ओवी, शंका बाळबोध नाही. या साऱ्या इतिहासाचे कुलूप तिथेच आहे. पहिल्या अंकाच्या काही प्रती त्यांनी टपालानेच पाठवल्या होत्या. तेव्हा एका मैत्रिणीने फोन करून बजावले की पुन्हा असे करू नकोस, अटक होईल. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्यानुसार अश्लील मजकूर टपालाने पाठवणे हा गुन्हा होता, आणि अश्लील काय ते ठरवताना मजकुरात शृंगार आहे की नाही हे पाहिलेच जाईल अशी हमी नव्हती. दोन स्त्रियांच्या प्रेमाचा सहानुभूतीने केलेला उल्लेख पुरेसा ठरू शकत होता.

याचा ढळढळीत पुरावा पुढे मिळाला. १९५३ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच ‘वन’ हे समलिंगी व्यक्तींचे मासिक सुरू झाले. त्याचा ऑक्टोबर १९५४ चा अंक तिथल्या पोस्टमास्तरांनी अडवला. त्यातील ज्या मजकुरावर आक्षेप होता, त्यात एका तरुणीने पुरुषाऐवजी स्त्रीची साथ निवडल्याची साधी प्रेमकथा होती. खालच्या दोन्ही न्यायालयांनी तो अंक अश्लील ठरवला. अखेरीस १३ जानेवारी १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादही न ऐकता तो निर्णय फिरवला.

म्हणजे लिसा बेन १९४७ मध्ये जे करत होत्या, ते टपालाने करण्याचा निर्वेध मार्ग खुला व्हायला आणखी अकरा वर्षे लागली. दप्तरदार, वर्गणीदारांची यादी असलेली संघटना त्यांनी उभारली नाही हे खरे. पण १९४७ मध्ये तशी यादी बाळगणे म्हणजे पोलिसांच्या हाती आयती नावे देणे होते, हेही लक्षात घ्यायला हवे.

माळरान

तळटीप यांचा प्रतिसाद वाचताना रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ या काळात मुंबईतून जवळजवळ एकहाती चालवले. म्हणजे लिसा बेन लॉस एंजेलिसमध्ये कार्बन लावत होत्या, तेव्हा इकडे कर्वेही आपला अंक रेटत होते. १९३४ च्या खटल्यात त्यांनी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरेच अश्लील ठरवली गेली. त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. तरीही खटला ते हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

दोघांच्या कामात फरकही मोठा आहे. कर्वे स्वतःच्या नावाने, छापील मासिकातून, शास्त्राच्या आधारे समाजाशी भांडत होते. लिसा बेन यांना समाजाशी वाद घालायचाच नव्हता. आपल्यासारख्या वाचकांशी घरगुती मोकळेपणाने बोलायचे होते. माझ्या मते हा दुसरा प्रकार अधिक दुर्मीळ आहे. समलिंगी माणसांविषयी त्या काळात डॉक्टर, न्यायाधीश आणि धर्मगुरू भरपूर लिहीत होते; त्या माणसांनी एकमेकांसाठी लिहिलेले मात्र क्वचितच सापडते.

नदीकाठ

मी बर्लिनमध्ये राहतो, म्हणून एक नोंद करतो. समलिंगी स्त्रियांची नियतकालिके अमेरिकेत सुरू झाली असा समज या चर्चेतून होऊ नये. ‘दी फ्रॉइंडिन’, म्हणजे ‘मैत्रीण’, हे नियतकालिक बर्लिनमध्ये १९२४ साली सुरू झाले आणि ते रस्त्यावरच्या वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर विकले जात असे. त्यात कथा असत, स्त्रियांच्या क्लबांच्या आणि नृत्यसमारंभांच्या जाहिराती असत, मैत्रीसाठी दिलेल्या छोट्या जाहिरातीही असत. १९२६ च्या ‘हीन साहित्य’विषयक कायद्याने त्यालाही त्रास झाला आणि ते काही काळ बंद राहिले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ते कायमचे संपले.

जे बर्लिनमध्ये टपरीवर टांगलेले असे, ते वीस वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये हातोहात लपवून द्यावे लागत होते. लिसा बेन यांना बर्लिनच्या त्या परंपरेचा कोणताही आधार नव्हता. आपल्याआधी कोणी हे केले आहे हे ठाऊक नसताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणे, ही या समूहाची वारंवार झालेली हानी आहे. म्हणूनच जतन करणारी संस्था हवी, या दप्तरदार यांच्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे.

पेन्सिल

कोण पहिले, यापेक्षा कोणाला जागा मिळाली हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते. ‘द लॅडर’ला १९५७ मध्ये नुसत्या आद्याक्षरांची सही असलेली पत्रे आली, ती नाटककार लॉरेन हॅन्सबेरी यांची होती. एक विवाहित कृष्णवर्णीय लेखिका त्या मासिकात स्त्रियांच्या आर्थिक परावलंबनाचा आणि समलिंगी स्त्रियांच्या प्रश्नाचा संबंध जोडून दाखवत होती. जून १९६६ च्या मुखपृष्ठावर अर्नेस्टाइन एक्स्टाइन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीचे छायाचित्र आले. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी व्हाइट हाउससमोर झालेल्या निदर्शनांत भाग घेणाऱ्या मोजक्या लोकांपैकी त्या एक होत्या. संघटनेचा पत्ता आणि छापील अंक नसता तर हॅन्सबेरी यांनी पत्र पाठवले असते कुठे? इफ क्लबमध्ये न जाणाऱ्या, दुसऱ्या शहरातल्या, संसारात अडकलेल्या स्त्रीपर्यंत हातोहात फिरणारी प्रत सहज पोहोचत नाही. या एका मुद्द्यावर मी दप्तरदार यांच्या बाजूची आहे.

खारफुटी

पेन्सिल, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तरी हातोहात फिरणाऱ्या कागदाविषयी मला अनुभवातून काही सांगायचे आहे.

मी मुंबईची. दिल्लीत १९९१ मध्ये ‘सखी’ आणि मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’, ज्याचे पुढे ‘लेबिया’ झाले, असे गट सुरू झाले, तो माझ्या तरुणपणाचा काळ. त्या गटांपर्यंत मी बऱ्याच उशिरा पोहोचले. त्याआधी एका मैत्रिणीने मला झेरॉक्स केलेली काही पाने दिली होती. कोणाच्या तरी आयुष्याविषयीचा साधा, इंग्रजीतला लेख होता. कडेला तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत शेरे होते आणि त्यांपैकी एक पेन्सिलने, मराठीत होता: ‘हे माझेही आहे.’ तो लेख मला आज नीट आठवत नाही, पण तो शेरा अक्षराच्या वळणासकट आठवतो. माझ्याआधी याच शहरातल्या निदान तिघींनी हे वाचले आहे आणि त्यांपैकी एक मराठीत विचार करते, हे मला त्या पानांनी सांगितले. छापील, कोऱ्या प्रतीने ते सांगितले नसते.

एका प्रतीला किती वाचक मिळाले हे अशा वेळी कोणी मोजत नाही. लिसा बेन यांनी प्रत पुढे द्यायला सांगितले, तेव्हा त्यांनी केवळ कागद वाचवला नाही. ती प्रत दुसरीच्या हातात देताना प्रत्येक वाचक स्त्रीला आपण कोण आहोत हे निदान एका व्यक्तीसमोर कबूल करावे लागले. सभासदत्वाचा अर्ज भरण्यापेक्षा हे सोपे नाही, असे मला वाटते.

दप्तरदार

खारफुटी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्या शेऱ्याचे मोल मी अजिबात कमी लेखत नाही.

तरीही माझा आग्रह कायम आहे, आणि त्यासाठी एक कटू उदाहरण देतो. १९७० मध्ये ‘द लॅडर’च्या संपादक बार्बरा ग्रिअर आणि संघटनेच्या अध्यक्ष रिटा लापोर्ट यांनी वर्गणीदारांची यादी इतरांना अंधारात ठेवून मुख्यालयातून हलवली आणि मासिक संघटनेपासून वेगळे केले. मार्टिन आणि लायन यांना तो विश्वासघात वाटला आणि माझ्या मते तो होताच. राष्ट्रीय संघटना त्यात मोडली, मासिकही १९७२ मध्ये बंद पडले. परंतु त्याच बार्बरा ग्रिअर यांनी जोडीदार डॉना मॅकब्राइड आणि आणखी दोघींसह १९७३ मध्ये ‘नायाड प्रेस’ काढले आणि त्याची पहिली पुस्तके त्याच यादीतल्या वाचकांपर्यंत पोहोचली. पुढे ते जगातील समलिंगी स्त्रियांच्या सर्वांत मोठ्या प्रकाशनसंस्थांपैकी एक झाले. संघटना मोडली, मासिक गेले, तरी यादी उरली आणि तिच्यावर पुढचे उभे राहिले. हातोहात फिरलेल्या प्रतींनी मागे असे काही ठेवले नाही.

तळटीप

यादी चोरीला जाऊ शकते, जप्तही होऊ शकते. ज्या वर्षी जे शक्य होते, त्याच मापाने ते वर्ष मोजावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

ओवी

मासिक बंद झाल्यावर लिसा बेन यांनी पुढे काही केले का, की त्या या सगळ्यातून बाहेर पडल्या?

शेवंती

ओवी, तुमच्या प्रश्नात दप्तरदार यांच्या मुद्द्याचेही काही उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या बाहेर पडल्या नाहीत. बारमध्ये येणाऱ्या बाहेरच्या प्रेक्षकांना हसवण्यासाठी तिथले कलाकार स्वतःचीच हेटाळणी करणारी गाणी म्हणत, आणि ते ऐकून त्यांना फार वाईट वाटे. म्हणून त्यांनी लोकप्रिय गाण्यांच्या चालींवर आपले शब्द रचले, ज्यांत समलिंगी माणसांची चेष्टा नव्हती, आणि रविवारी दुपारी ‘फ्लमिंगो’ या क्लबमध्ये त्या गिटारवर ती गात असत. १९६० मध्ये त्यांच्या गाण्यांची तबकडी निघाली आणि ती काढली ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’नेच. ज्या संघटनेला आपण त्यांच्या विरुद्ध पारड्यात टाकत आहोत, त्या संघटनेने त्यांना आपल्यातलेच मानले होते. त्यांचे लेखनही ‘द लॅडर’मध्ये आले. दप्तरदार, प्रतींनी मागे काही ठेवले नाही हे म्हणून मला मान्य नाही. त्या प्रतींनी एक लेखिका घडवली आणि ती पुढच्या मासिकाला मिळाली.

दुसरी गोष्ट सप्टेंबर १९४७ च्या अंकातल्या संपादकीयाची. स्त्रिया कमावत्या होत आहेत, स्वतंत्र राहू लागल्या आहेत, तेव्हा एक दिवस आपल्याविषयीची मासिकेही इतर मासिकांच्या शेजारी दुकानात उघडपणे मांडली जातील, असे भाकीत त्यांनी त्यात केले आहे. ज्या बाईला आपली प्रत टपालपेटीत टाकता येत नव्हती, तिने हे लिहिले, आणि २०१५ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी त्या गेल्या तेव्हा ते खरे होऊन बरीच वर्षे झाली होती.

पेन्सिल यांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. इफ क्लबच्या परिघाबाहेरच्या, दूरच्या शहरातल्या स्त्रीला ‘व्हाइस व्हर्सा’चा उपयोग झाला नसणार.

टंकयंत्र

हे अंक आज कुठे पाहायला मिळतात का? शेवटच्या कार्बनची प्रत कशी आली आहे, ते पाहण्याची इच्छा आहे.

शेवंती

टंकयंत्रकाका, नऊही अंकांच्या प्रतिमा आंतरजालावर उपलब्ध आहेत, आणि लिसा बेन यांची १९८९ च्या सुमारास एरिक मार्कस यांनी ध्वनिमुद्रित केलेली मुलाखतही ऐकायला मिळते. दुवे व्यक्तिगत निरोपातून पाठवते. सप्टेंबरच्या त्या संपादकीयाचा मराठी अनुवाद करायचा माझा विचार आहे. दप्तरदार, तुम्ही आमच्या बाजूचे नाही, म्हणूनच त्याचा पहिला खर्डा तुम्ही तपासावा अशी विनंती आहे.

दप्तरदार

अवश्य पाठवा. मत बदललेले नाही, खर्डा मात्र काळजीपूर्वक तपासीन. अनुवादासोबत ‘द लॅडर’च्या पहिल्या अंकातील संपादकीयाचाही अनुवाद द्यावा असे सुचवतो, तो मी करतो.